चार बोटं उतार

कोबा वाळला त्या दिवशी काचवालीने त्यावर बादलीभर पाणी ओतलं. पाणी इकडेतिकडे न रेंगाळता सरळ भिंतीकडे निघालं, भिंतीपाशी बसवलेल्या जाळीत शिरलं आणि दिसेनासं झालं. मागे एक थेंब राहिला नाही. तिला इतका आनंद झाला, की चहा पिऊन निघालेल्या गवंड्याला हाक मारून तिने पुन्हा एकदा चहा पाजला.

आनंदाला कारणही तसंच होतं. गाड्यांच्या पुढच्या काचा बदलून देण्याची तिची ती लांबट शेड. तिच्या भिंतीकडच्या निम्म्या भागात वर्षानुवर्षं पाणी साचायचं. गाडी धुतली की तळं. त्या तळ्यात तिचा धाकटा दीर किती वेळा घसरला होता, एकदा तर हातात कोरी काच घेऊन. "भाऊजी, एक दिवस तुमचं डोकं फुटेल आणि काच फुटेल ती वेगळीच," असं ती म्हणायची. शेवटी तिनेच गवंडी गाठला आणि तिनेच उभं राहून सांगितलं, की दाराकडचा भाग आहे तसा सपाट राहू दे, तिथे गाड्या उभ्या असतात. भिंतीकडे मात्र चांगला सणसणीत उतार काढ. गवंड्याने काढला. काम चोख केलं. त्याची यात काडीची चूक नाही हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे ज्याने त्याने पहिल्या शिव्या त्यालाच घातल्या.

पूर्वी काच बदलणं म्हणजे हातापायाचं काम होतं. जुनी कापून काढायची, कडा घासायच्या, काळा गोंद ओढायचा आणि दोघांनी मिळून नवी काच अलगद टेकवायची. हे करून करून काचवालीच्या नवऱ्याची कंबर गेली. आता तो घरी पडून फोनवरून सल्ले द्यायचा. उंटावरून शेळ्या हाकणं त्याला झकास जमायचं. मधल्या काळात गाड्यांना डोळे फुटले. काचेच्या आतल्या बाजूला, आरशामागे, बोटाच्या पेरापेक्षाही लहान असा कॅमेरा बसायला लागला. तो पुढचा रस्ता बघतो, पुढची गाडी किती लांब आहे याचा हिशेब गाडीतलं सॉफ्टवेअर करतं पुढच्या गाडीमागे अंतर राखून वेग कमीजास्त करतं आणि माणूस गाफील असला तर ब्रेकही तेच मारतं. काच बदलली की कॅमेरा केसभर हलतो. म्हणून त्याला पुन्हा सांगावं लागतं, की बाबा, सरळ म्हणजे कुठे आणि खाली म्हणजे कुठे. या कामाला त्यांच्या शेडमध्ये 'नजर बसवणं' म्हणायचे.

नजर बसवायची रीत ठरलेली होती. गाडी पट्ट्यांच्या मध्ये उभी करायची. तिच्यासमोर, भिंतीजवळ, काळ्या-पांढऱ्या चौकटींचा फळा स्टँडवर लावायचा. फळ्याची उंची जमिनीपासून मोजायची, त्यासाठी मापाची काठीच कापून ठेवलेली होती. काठी जमिनीवर टेकवायची, वरच्या टोकाला फळ्याची खालची कड लावायची, की झालं. मग दीर टॅबलेटवर बोट ठेवायचा. यंत्र थोडा वेळ विचारात पडायचं आणि हिरवी खूण दाखवायचं. ज्या माणसाला घरातलं कॅलेंडर सरळ टांगता येत नव्हतं, तो आता ती खूण गिऱ्हाइकापुढे अशी धरायचा, जसा डॉक्टर रिपोर्ट धरतो.

कोबा घालून काही आठवडे झाले असतील. एका सकाळी काचवाली एका गाडीच्या कडेला चिकटपट्टी लावत होती. पट्टीचं रीळ हातातून निसटलं. खाली पडलं, उभंच पडलं, आणि चालायला लागलं. सुरुवातीला सावकाश, मग फळ्याच्या स्टँडपाशी पोचताना चांगलं भरभर. स्टँडच्या पायाला धडकून आडवं झालं.

ती रिळाकडे बघत राहिली. मग फळ्याकडे. मग काठीकडे.

"भाऊजी, पाणसळ आणा."

"आता कशाला? नजर बसली या गाडीची. खूण आली."

"आणा म्हणते ना."

गाडीच्या चाकापासून स्टँडपर्यंत तिने लांब पट्टी टाकली, वर पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये येईपर्यंत पट्टीचं पलीकडचं टोक उचललं. टोक आणि जमीन यांच्यामध्ये तिची चार बोटं आरामात गेली. पायाखालची जमीन सरकणं म्हणतात ते हेच. फक्त इथे ती तिने स्वतः उभं राहून सरकवून घेतली होती.

"जमीन चार बोटं खाली आहे," ती म्हणाली. "म्हणजे फळा चार बोटं खाली आहे. आपण काठी जमिनीवरच टेकवतो ना!"

"पण मशीनने पास केलंय, वहिनी. चुकलं असतं तर लाल आलं असतं की."

"मशीनला काय कळतंय आपण कोबा घातला ते? त्याला फळा दिसला, ते म्हणालं ठीक. फळा खाली दिसला म्हणून त्याने समजून घेतलं, की कॅमेराच वर बघतोय. आता तो खालचं सगळं वरचं धरणार." तिने हवेत हात खालीवर केला. "आणि रस्त्यावर वरचं म्हणजे लांबचं. जवळची गाडी त्याला लांब वाटणार."

नाचता येईना अंगण वाकडं, असं लोक हसून म्हणतात. इथे नाच बरोबर होता हो, अंगणच वाकडं होतं.

दीर ऐकेना. चार बोटांनी काय होतंय, म्हणाला. सॉफ्टवेअर लिहिणारे काय मूर्ख आहेत का, म्हणाला. मग हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणून तोच ती गाडी घेऊन मागच्या मोकळ्या जागेत गेला. तिथे त्यांची जुनी व्हॅन उभी होती, काचा न्यायची, जिच्यात सॉफ्टवेअर सोडा, घड्याळसुद्धा चालत नव्हतं. दिराने गाडी व्हॅनच्या पाठीवर सावकाश सोडली, पाय बाजूला घेतला आणि थाटात हात बांधून बसला. काचवाली कडेला उभी राहून बघत होती. व्हॅन जवळ आली. आणखी जवळ आली. गाडीने हूं की चूं केलं नाही. मग एकदम पीं पीं सुरू झालं आणि त्याच क्षणी दिराने स्वतःच ब्रेकवर उभं राहिल्यासारखा पाय दाबला. गाडीचं नाक आणि व्हॅनची पाठ यांच्यातून मांजरसुद्धा गेलं नसतं.

तो उतरला तेव्हा त्याच्या ओठांवरचा रंग गेला होता. "वहिनी, आणि हे तर सावकाश होतं," एवढंच तो म्हणाला.

पण काचवालीचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. कोबा घातल्यावर नजर बसवलेल्या गाड्या तिच्या डोळ्यांपुढून एकामागून एक जायला लागल्या, आणि त्यांतली शेवटून दुसरी तिच्या ताईची होती.

ताई म्हणजे तिची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ताईने स्टिअरिंगला हात लावणं सोडलं होतं. ताकही फुंकून पिणारी बाई. कुठे जायचं तर कोणाची तरी वाट बघत उंबऱ्यात बसायची, आणि कोणी आलं नाही तर "राहू दे, तसं काही अडलं नाही," म्हणून पर्स परत खुंटीला लावायची. ते बघून काचवालीचाच जीव तुटायचा. तिनेच ताईच्या मागे लागून ही नवी गाडी घ्यायला लावली. तिनेच शेजारी बसून शिकवलं. ताईचा पाय सारखा ब्रेकवर जायचा. पुढे लांबवर काही हललं तरी जायचा. "ताई, पाय उचल," ती ओरडायची, "गाडीला तिचं काम करू दे. ती तुझ्यापेक्षा हुशार आहे." कितीतरी दिवस हे चाललं. शेवटी पाय उचलला गेला. मग मात्र ताई सुटलीच. भाजीला गाडी, बँकेत गाडी, दोन गल्ल्या पलीकडे मैत्रिणीकडे गाडी. गेल्या आठवड्यात खडा उडून काच तडकली, तेव्हा ती रडायच्या बेतात आली होती. काचवालीने काच बदलली, दिराने नजर बसवली.

आणि आज ताई आईला घेऊन डोंगरापलीकडे मामाकडे निघाली होती. एकटीने गाडी चालवत, पहिल्यांदाच एवढ्या लांब.

काचवालीने फोन लावला. वाजत राहिला. गाडी चालवताना ताई फोन घेत नसे. मागच्या सीटवर पर्समध्ये टाकून ठेवायची. तेही काचवालीनेच बजावलेलं. आईचा फोन लावला, तो घरातल्या कपाटात वाजला असणार, कारण फोन बाहेर नेला की झिजतो असं आईचं पक्कं मत होतं. ताईच्या शेजारणीला लावला. ती म्हणाली, "अगं, मघाशीच गेल्या की! काय खुशीत होती तुझी बहीण. आईंनी तर जाताना हात असा हलवला, जशी काही राणीच." मामाकडे लावला. पोचल्यावर कळवतो, म्हणाले. पोचल्यावर कळून काय करायचं होतं!

"किल्ली द्या," ती दिराला म्हणाली. "व्हॅनची. आणि तुम्हीही बसा."

"मागे काचा आहेत लावलेल्या."

"असू देत."

व्हॅनने रस्त्याला लागेपर्यंत तिचा जीव खाल्ला. थांबली की बंद पडायची, चढ आला की धापा टाकायची. मागे काचा आपल्या खोबणीत किणकिण करत होत्या. पुढच्या प्रत्येक पांढऱ्या गाडीला काचवाली ताईची गाडी समजायची आणि जवळ गेल्यावर नसायची.

"नुसते बसू नका भाऊजी. बाकीच्यांना फोन लावा."

"कोणाला?"

"सगळ्यांना. कोबा घातल्यापासून ज्यांची ज्यांची नजर बसवली, त्यांना."

दिराने फोन हातात घेतला आणि तसाच धरून बसला. "वहिनी, एकदा बोललो की संपलं. उद्यापासून शेडला कुलूप."

"कुलूप लावायला आपण असू ना? त्या लोकांचं बघा."

त्याने पहिला नंबर लावला. आवाज असा लावला, जसा लग्नाचं आमंत्रण द्यायला लावतात. "नमस्कार साहेब! काही नाही, एक छोटीशी तपासणी राहिलीय. सवडीने चक्कर मारा..."

"सवडीने नाही!" काचवाली इतक्या जोरात ओरडली की पलीकडच्याने ऐकलं. "आज गाडी काढू नका म्हणा! काढलीच तर स्वतःच्या पायाने थांबवा म्हणा!"

मग सांगावंच लागलं. एकाने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. एक बाई म्हणाल्या, "पण स्क्रीनवर तर सगळं हिरवं आहे हो," आणि दीर घटाघटा पाणी प्यायला, कारण सकाळपर्यंत हेच वाक्य त्याचं होतं. एक जण हसला, म्हणाला, "एवढी महागाची गाडी, तिला कळणार नाही होय?" एकाचा फोन त्याच्या मुलीने घेतला, बाबा गाडी चालवताहेत, म्हणाली, आणि मागून बाबा विचारत होते कोण आहे गं. त्या मुलीला सगळं समजावून सांगता सांगता दिराला घाम फुटला. मध्येच काचवालीच्या नवऱ्याचा फोन आला. "आधी शांत हो," म्हणाला. ती काय म्हणाली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डोंगर सुरू व्हायच्या आधी पेट्रोल पंप होता. काचवालीने व्हॅन तशीच आत घातली. पंपावरच्या माणसाला वर्णन सांगायचा अवकाश, तो हसायलाच लागला. "त्या आजी ना? आत्ताच गेल्या की. मला म्हणतात, आमची गाडी आपली आपण चालते, माझी मुलगी नुसती शोभेला बसते."

"आत्ता म्हणजे?"

"हे काय, त्या वळणावर असतील."

त्या वळणावर नव्हत्या. पुढच्याही नव्हत्या. रस्ता वर चढत होता, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला बुटका कठडा. काचवालीला कधी नव्हे ते उचंबळून आलं. काही होऊ देऊ नको, असं ती कोणाला तरी म्हणत होती. कोणाला ते तिलाही ठाऊक नव्हतं. गाडी घ्यायला कोणी लावली? मी. पाय उचलायला कोणी लावला? मी. उतार कोणी काढून घेतला? तोही मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, पण इथे हात माझा आणि अवलक्षण आई-ताईच्या कपाळी.

"ती बघा!" दीर म्हणाला.

ताईची गाडी एका मालट्रकमागून चालली होती. आणि किती जवळून! ताई, जी रांगेत उभी असली तरी पुढच्या माणसापासून दोन हात लांब राहते, ती त्या ट्रकच्या शेपटीला लागून निवांत चालली होती. गाडीच्या हिशेबात मध्ये भरपूर जागा होती. ट्रकवाल्याने नुसता पाय टेकवला असता तरी सगळं संपलं असतं. काचवालीने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दिवे मारले. ताईला वाटलं, कोणी तरी घाईचा मागे लागलाय. तिने शहाण्यासारखी गाडी आणखी कडेला घेतली आणि चालत राहिली. हेही शिकवलेलंच होतं.

चढ संपला. रस्ता थोडा मोकळा, सरळ झाला आणि ट्रक डावीकडच्या खाणीच्या वाटेला वळून गेला. पुढची वाट रिकामी दिसताच ताईच्या गाडीने आपणहून वेग घेतला. काचवालीने व्हॅन पिळून काढली. इंजिन किंचाळलं. ती बरोबरीला आली. दिराने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून दोन्ही हात हलवले. ताईने मान वळवली, आधी दचकली, मग व्हॅन ओळखली आणि तिचा चेहरा असा फुलला, की बघवेना. आईने तर दोन्ही हात वर केले. धाकटी लेक आपल्यामागे मामाकडे यायला निघाली असंच त्या दोघींना वाटलं असणार.

"थांब!" दीर ओरडत होता. "थांबा! ब्रेक!"

वाऱ्यात काय ऐकू येतंय. समोरून एक बस येताना दिसली. बरोबरीने राहून चालणार नव्हतं. काचवालीने व्हॅन पुढे काढली, ताईच्या पुढे घातली, बाजूचा दिवा लावला आणि रस्त्यावर कोणाला थांबवायचं असलं की कोणीही करतं तेच केलं. ब्रेक मारला.

"वहिनी, नको..."

आरशात ताईचं तोंड होतं, हसरं. हात हलवायला वर गेलेला. मग ते तोंड मोठं मोठं होत गेलं.

आवाज आला तो आधी लोखंडाचा आणि मग काचांचा. मागच्या सगळ्या काचा एकदम खोबणीतून सुटल्या आणि व्हॅनभर सांडल्या. व्हॅन हिसक्याने पुढे गेली, कठड्याला घासली आणि बंद पडली. बस हॉर्न वाजवत शेजारून निघून गेली, पुढे जाऊन थांबली.

काचवाली कशी उतरली, कशी धावली हे तिला नंतर आठवलं नाही. ताईच्या गाडीचं नाक चेपून आत गेलं होतं, पुढून वाफ येत होती. पुढची काच मात्र शाबूत होती. तिच्या हातची काच जागची हलली नव्हती. ताई स्टिअरिंग धरून बसली होती, समोरच्या एअरबॅगच्या फुग्याचं पांढरं फडकं मांडीवर पडलेलं. नाकातून रक्त येत होतं. शेजारी आई आपलं मनगट दुसऱ्या हातात धरून त्याच्याकडे बघत होती, जशी ती कोणाची तरी वस्तू होती.

"चिमे," आई म्हणाली. पन्नाशीच्या बाईला घरात अजून चिमीच म्हणत. "हात वाकडा झाला बघ माझा."

"आई, हलवू नकोस. ताई, कुठे लागलंय? ताई!"

बसमधली माणसं उतरून आली. एकाने पाणी आणलं, एकीने स्वतःच्या ओढणीची झोळी करून आईच्या गळ्यात बांधली. कोणी तरी रुग्णवाहिकेला फोन लावला. आईला आणि ताईला कडेच्या सावलीत बसवलं. आणि मग, माणसं जमली की होतं तसं, न्यायनिवाडा सुरू झाला.

"मागून ठोकलं की चूक मागच्याची," बसचा ड्रायव्हर म्हणाला. "नियमच आहे तसा."

"अंतर ठेवायला नको का? एवढं चिकटून कोणी चालवतं?"

"आजकाल कोणीही गाडी घेऊन निघतं."

ताई ऐकत होती. पदराने नाक दाबून धरलं होतं. मग तिने मुठीतली गाडीची चावी काचवालीच्या हातात ठेवली.

"घे. ठेव तुझ्याकडे," ती म्हणाली. "माझंच चुकलं, चिमे. तू एवढं शिकवलंस, पण नाही जमत मला. उगाच हौस केली. आईचा हात मोडला माझ्यापायी." आणि ती रडायला लागली, आवाज न करता.

काचवाली चावी घेऊन उभी राहिली. दीर तिच्या कोपराशी आला. "वहिनी, आत्ता काही बोलू नका," तो हळूच म्हणाला. "जीव वाचलेत सगळ्यांचे. घरी जाऊन बघू काय ते."

तो वाईट माणूस नव्हता. शेडमध्ये त्याचीही अर्धी हयात गेली होती. आणि खरं सांगायचं, तर काचवालीच्याही मनात एक पळभर आलं, की राहू दे. ताईला काय, रडून रडून शांत होईल. पर्स पुन्हा खुंटीला लावेल. उंबऱ्यात बसून वाट बघेल, आणि मरेपर्यंत म्हणत राहील की मला मेलीला ब्रेकसुद्धा मारता येत नाही.

हे तिला सहन होईना.

"तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, बसमधल्या माणसांनाही ऐकू जाईल असं. "गाडीची नजर आम्ही चुकीची बसवली. शेडमध्ये मी उतार काढून घेतला आणि फळा खाली गेला. तिला जवळचं लांब दिसतंय. तुझा पाय असता तर तू कधीच थांबली असतीस. तो पाय मीच उचलायला लावला."

दिराने एकदा तिच्याकडे बघितलं. मग तो जरा बाजूला गेला आणि त्याने फोन काढून राहिलेल्यांतला पुढचा नंबर लावला. या वेळी नमस्कार-चमत्कार नव्हते. "गाडी बाहेर काढू नका," तो सांगत होता. "आमची चूक आहे. हो. आमचीच."

ताईने पदर नाकावरून खाली घेतला. रडणं थांबलं होतं. ती धाकट्या बहिणीकडे अशी बघत होती, जशी लहानपणी काही फुटलं की बघायची.

"कधी कळलं तुला हे?"

"सकाळी. म्हणून तर धावत आले ना! फोन करून करून थकले."

"म्हणजे माझ्यापुढे आलीस तेव्हा तुला माहीत होतं."

"हो."

"ही गाडी वेळेवर थांबत नाही, हे माहीत होतं."

"हो, ताई."

"मग माझ्यापुढे येऊन ब्रेक का मारलास?"

काचवालीने तोंड उघडलं. समोरून बस येत होती, घाई झाली होती, दुसरं काही सुचलं नाही, असं बरंच काही सांगता आलं असतं. त्यातलं थोडंफार खरंही होतं. पण पाय ब्रेकवर पडला त्या क्षणी आपल्या डोक्यात काय होतं हे तिला आत्ता लख्ख दिसत होतं, आणि सकाळी डोळ्यांनी बघूनही ते तसंच होतं याची तिला भीती वाटली.

"मला वाटलं, थांबेल ती," ती म्हणाली.

आईचा झोळीतला हात घसरत होता, तो ताईने खालून धरून नीट केला.

"मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली, आणि रुग्णवाहिका कुठून येते ते बघायला तिने मान वळवली.